लहान मुलींना गोऱ्या रंगाचं वेड लागतं तरी कुठनं?
घरातनंच, आणि फार लवकर. माझी भाची सहा वर्षांची, स्वतःचं चित्र काढताना फिकट गुलाबी खडू घेतला, म्हटलं तपकिरी घे की गं, तर म्हणाली 'मावशी, हाच स्किन कलर असतो', पोटात कालवलं माझ्या. अमेरिकेत १९४० च्या दशकात क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोनी काळ्या मुलांपुढं गोरी आणि काळी बाहुली ठेवली तर बऱ्याच जणांनी गोरीच चांगली म्हणून दाखवली, १९५४ ला काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवताना तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याची दखल पण घेतली. आपल्याकडं २०२० ला 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातनं 'फेअर' गेलं, पण सोलापूरच्या उन्हात खेळून आलेल्या पोरीला 'काळी पडलीस की गं' हे अजून ऐकावंच लागतं. यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत भाचीसाठी सावळी बाहुली शोधली, एका पण स्टॉलवर नव्हती.