शिन फेनचे खासदार ‘तटस्थ’ असतात का?

प्रश्न असा आहे : उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं करून अखंड आयर्लंडचं प्रजासत्ताक मागणाऱ्या शिन फेन या पक्षाचे निवृत्त नेते जेरी अ‍ॅडम्स यांच्याबद्दल ‘ते ब्रिटिश संसदेत तटस्थ राहिले’ असं मराठीत वाचलं, हे बरोबर आहे का?

नाही. मतदानाला सभागृहात हजर असूनही कोणत्याच बाजूने मत देत नाही, तो तटस्थ. अ‍ॅडम्स १९८३मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या वेस्ट बेलफास्टमधून निवडून आले, १९९२ला पडले, १९९७ला पुन्हा जिंकले आणि २०११पर्यंत खासदार राहिले. एवढ्या वर्षांत ते सभागृहात एकदाही बसले नाहीत, कारण बसायचं तर ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. इंग्रजीत दोन्ही गोष्टींचे शब्द ‘अ‍ॅब्स्टेन’वरूनच झालेत, भाषांतरकार तिथे घसरला असावा.

‘सभात्याग’ही नव्हे, आत गेल्याशिवाय बाहेर कसं पडणार? ‘बहिष्कार’ त्यातल्या त्यात जवळचा. पण आपल्याकडे १९२०चा कौन्सिल-बहिष्कार म्हणजे निवडणूकच न लढवणं. शिन फेन मात्र हिरिरीने लढते, मतदारांची कामं करते. २००१च्या अखेरीस मुभा मिळाल्यापासून तिचे खासदार वेस्टमिन्स्टरमधली (म्हणजे ब्रिटिश संसदेतली) कार्यालयं आणि भत्तेही घेतात, पगार नाही.

डब्लिनच्या, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकाच्या, संसदेबाबतही पक्षाचा हाच पवित्रा होता, कारण आयर्लंडच्या फाळणीतून आलेलं ते राज्यच त्यांना मान्य नव्हतं. १९८६च्या अधिवेशनात अ‍ॅडम्स अध्यक्ष असताना पक्षाने तो सोडला. पक्षाचे माजी अध्यक्ष रॉरी ओ ब्रॅडी आणि त्यांचे साथीदार उठून गेले व त्यांनी वेगळा पक्ष काढला. (कौन्सिलांत जावं की नाही, यावरून काँग्रेसमध्ये झालेल्या फेरवादी-नाफेरवादी वादाची आठवण होते खरी.) पुढे २०११ ते २०२० अ‍ॅडम्स लाउथ मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून डब्लिनच्या संसदेत रीतसर बसले. म्हणून संज्ञाच हवी असेल तर मी ‘सदनबहिष्कार’ म्हणेन, आणि कोणतं सदन तेही सांगेन. बातमीत मात्र ‘निवडून आले, पण शपथ घेतली नाही’ एवढं सरळ वाक्य पुरे.

जाता जाता, ‘राजीनामा’ही इथे जपून वापरावा. ब्रिटिश खासदाराला कायद्याने राजीनामा देता येत नाही. राजसत्तेखालचं एखादं नाममात्र पद देऊन त्याला अपात्र ठरवतात. जानेवारी २०११मध्ये अ‍ॅडम्सनी सभापतींना राजीनाम्याचं पत्र धाडलं, तर सरकारने त्यांची नेमणूक नॉर्थस्टेडच्या जहागिरीचे कारभारी म्हणून करून टाकली. आपण असलं कुठलंही पद स्वीकारलेलं नाही, असं अ‍ॅडम्सनी स्पष्ट केलं. जागा रिकामी झालीच.