अभ्यास अर्ध्यावर सोडणारे जातात कुठे?

प्रश्न : व्यसनमुक्तीच्या उपचारांवरील वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासांतून बरेच सहभागी मध्येच गळतात. त्यांना व्यसन सोडायचंच नसतं का? आणि मग निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : औषध सोडणं वेगळं, अभ्यास सोडणं वेगळं. औषध बंद केलेल्यानेही सहाव्या महिन्याच्या मुलाखतीला यायला हवं. त्याची माहिती तर जास्तच मोलाची. पण 'औषध थांबलं म्हणजे आपलं नाव कटलं' हा समज पहिल्याच दिवशी दूर केला नाही, तर तो पुन्हा फिरकत नाही.

गळणाऱ्यांत दोन टोकं असतात. कुणी पुन्हा प्यायला लागलेला असतो. लघवीची तपासणी होणार म्हणून तोंड चुकवतो. कुणी चांगला सावरून कामाला लागलेला असतो. दोन तासांच्या प्रश्नावलीसाठी त्याला रजा कोण देणार? शिवाय जुने दिवस उकरायचेही नसतात. बाकी मग घर बदलणं, मोबाइल नंबर बंद पडणं, तुरुंग, मृत्यू.

कधी अडचण उपचारातच असते. नाल्ट्रेक्सोन म्हणजे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम रोखणारं औषध. त्याच्या इंजेक्शनआधी अफूवर्गीय पदार्थ साधारण ७ ते १० दिवस पूर्ण बंद असावे लागतात, नाहीतर इंजेक्शननेच विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, उसळतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत इंजेक्शनच्या गटातल्या २८३पैकी २०४ जणांनाच पहिला डोस मिळाला. ब्युप्रेनॉर्फिन या, इतके दिवस थांबावं न लागणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या गटात २८७पैकी २७० जणांना. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले, म्हणजे इच्छाशक्ती दोन्हीकडे सारखीच. उंबरठा तेवढा एकीकडे उंच होता.

विश्वासाचं म्हणाल, तर हिशेब करून पाहा. १०० जण आले, शेवटी ६० उरले, त्यांतले ३० व्यसनमुक्त. उरलेल्यांपुरतं पाहिलं तर यश ५० टक्के. गेलेले सगळे पुन्हा व्यसनात आहेत असं धरलं तर ३०, सगळे सावरले असं धरलं तर ७०. गैरहजर म्हणजे 'व्यसन चालू' असं धरायची पद्धत आहे. ती सावध वाटते खरी, पण एका गटात गळती जास्त असली की तीही फसवते. म्हणून अहवालात आधी गटवार गळती पाहावी. २० टक्क्यांच्या वर गेली तर निष्कर्ष जपून घ्यावा, असा ढोबळ नियम आहे.

गळती रोखायचं काम नोंदणीच्याच दिवशी सुरू होतं. किमान तीन जवळच्या माणसांचे नंबर लेखी संमतीने घ्यायचे आणि दर महिन्याला पडताळायचे. माणूस गायब झाल्यावर शोधाशोध करून फारसं हाती लागत नाही. या तिघांपैकी कुणाला फोन केलाच, तर 'व्यसन' हा शब्द तोंडातून जाता कामा नये, आणि पत्र पाठवलं तर पाकिटावर केंद्राचं नावसुद्धा नको.