आधी खिडकी, मग कढई

गेल्या महिन्यात याच सदरातून विचारलं होतं, की घरच्या स्वयंपाकाचे फोटो काढताना नेमकं अडतं कुठे? भरभरून प्रश्न आले. दिवाळी तोंडावर आहे, म्हणून फराळाच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. मसाल्याच्या पाकिटांसाठी आणि पाककृतींच्या पुस्तकांसाठी पदार्थ मांडून देणं हे माझं रोजचं काम. पण इथली उत्तरं साधा मोबाईल आणि घरातली खिडकी एवढंच गृहीत धरून दिली आहेत.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. ट्यूबलाइटखाली फोटो काढला की वरण हिरवट दिसतं. फोटोसाठी वेगळा लाइट घ्यावा का?
— एक वाचक, पिंपरी

इतक्यात घेऊ नका. पदार्थ स्वयंपाकघरात शिजतो म्हणून त्याचा फोटोही तिथेच काढायचा, असं काही नाही. घरातली सगळ्यात मोठी खिडकी शोधा. ती बेडरूमची असेल, नाहीतर बाल्कनीचं दार असेल. तिच्यापासून दोन-तीन फुटांवर स्टूल किंवा पाट ठेवा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा. कॅमेरा एका वेळी एकाच रंगाशी जुळवून घेतो, मग दुसऱ्याची छटा पदार्थावर चढते. तुमचं वरण हिरवट होतं ते त्यामुळेच.

उजेड पदार्थाच्या बाजूने किंवा मागून येऊ द्या. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात, तर तुमचीच सावली ताटात पडेल आणि पदार्थ सपाट दिसेल. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावलीतली बाजू उजळते. ऊन थेट आत येत असेल तर खिडकीवर पांढरा पंचा किंवा जुनं धोतर बांधा. उत्तरेच्या खिडकीला हा त्रास सहसा नसतो. मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या पुण्याच्या भागात माथ्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा तिथेही पंचा हाताशी ठेवा.

माझे फोटो धूसर येतात. नवा फोन घ्यावा लागेल का?
— एक वाचक, जळगाव

आधी लेन्स पुसा. स्वयंपाक करता करता हाताळलेल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा पातळ थर असतोच. चष्म्याचं कापड फोनजवळ ठेवा आणि दर वेळी पुसा. एवढं करूनही धूसर आले तर पुन्हा लिहा.

आमच्याकडे सगळं रश्श्याचं. तांबडा रस्सा, काळ्या मसाल्याची आमटी, भरली वांगी. फोटोत नुसता काळपट गोळा दिसतो आणि वांगी तर बुडूनच जातात. वरून कोथिंबीर घालून पाहिली, तरी तेच.
— एक वाचक, कोल्हापूर

कोथिंबिरीने झाकण्यासारखं यात काही नाही. रश्श्याचं सगळं रूप तवंगात आहे आणि तवंग चमकतो तो मागून आलेल्या उजेडात. वाटी खिडकीसमोर ठेवा, तुम्ही वाटीच्या अलीकडे या, फोन साधारण ४५ अंशांवर धरा. मग वाटी बोटभर पुढे-मागे सरकवत राहा. एका जागी कटाच्या कडेवर पांढरी रेघ उमटेल आणि लाल रंग पेटल्यासारखा दिसेल. तिथे थांबा. हे सगळं आधी त्याच वाटीत साधं पाणी घेऊन करून बघता येतं. रस्सा वाढल्यावर तवंग चांगला दिसतो तो थोडाच वेळ. मग निवतो आणि वर साय धरल्यासारखं होतं. म्हणून जागा ठरल्याशिवाय रस्सा वाढायचाच नाही. वाढताना आधी खालचा दाट रस्सा घ्या आणि पातेल्यातला वरचा कट अगदी शेवटी पळीने सोडा.

वांगी बुडतात कारण वाटी खोल आहे. पसरट थाळी घ्या, आधी वांगी मांडा, देठं एकाच दिशेला नकोत, आणि रस्सा बाजूने ओता. एखादं वांगं चीर दिसेल असं वळवा, म्हणजे आतला दाण्याचा-तिळाचा मसाला दिसेल. भाजी भरली आहे हे त्या चिरेशिवाय कळत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर तरंगतील आणि सूप भरगच्च वाटेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने हरकत घेतली आणि १९७० च्या सुमारास ते बंद झालं. उथळ थाळी आणि गोट्या यांत मला फार मोठा फरक दिसतो. थाळीत जे आहे तेच तुम्ही दाखवता. गोट्या घातल्या की नसलेलं दाखवता. माझ्या मांडणीतला पदार्थ फोटोनंतर ताटात जातो. जो खाता येणार नाही तो मी मांडत नाही.

मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे, लाडू, चिवडा सगळं एका मोठ्या ताटात मांडून फोटो काढते आणि व्हॉट्सॲपवर टाकते. चव चांगली आहे असं सगळे म्हणतात, पण फोटोत तपकिरी ढीग दिसतो. नव्या गिऱ्हाइकाला फोटो बघूनच ठरवायचं असतं. काय करू?
— एक वाचक, ठाणे

ते मोठं ताट आधी बाजूला ठेवा. सहा पदार्थ, सहाही तळलेले किंवा भाजलेले, सगळे एकाच रंगाच्या घरातले. एकत्र मांडले की डोळा कुठेच थांबत नाही. तुमची एक मोठी सोय आहे: हे पदार्थ तुम्ही एकाच दिवशी करत नाही. ज्या दिवशी जे तळाल त्या दिवशी त्याचा फोटो काढा. ताजा पदार्थ आणि शांतपणे काढलेला एकच फोटो.

तळणीच्या आधी प्रत्येक पदार्थाबद्दल स्वतःला विचारा, की जाणकार बाई हे हातात घेऊन काय बघेल? तेच फोटोत दिसायला हवं. चकलीचे काटे बघेल. काटे दिसतात ते आडव्या उजेडात, म्हणून खिडकी बाजूला आणि थर्माकोल नको. थोडी सावली राहू द्या. चार-पाच अख्ख्या चकल्यांशेजारी एक मोडून ठेवा, आतली पोकळ नळी दिसली की ती खुसखुशीत आहे हे न सांगता कळतं. करंजीत सारण किती भरलं आहे हे बघेल. एक करंजी हाताने मोडा, सुरीने कापू नका. सुरीने पापुद्रे दाबले जातात आणि सारण कडेला फासलं जातं. अनारशाची जाळी आणि खसखस बघेल, तेव्हा खसखशीची बाजू वर ठेवा आणि एक अनारसा दुसऱ्याला टेकवून तिरका उभा करा, उजेड जाळीतून आरपार येईल. लाडवाचा फोटो जवळजवळ त्याच्याच उंचीवरून काढा, वरून काढलात तर नुसतं वर्तुळ दिसतं. चिवडा मात्र बरोबर वरून. पसरट परातीत पातळ थर द्या. मग शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं आणि कढीपत्ता नीट वर दिसतील असे हाताने सारखे करा. ती लबाडी नव्हे, जे चिवड्यात आहे तेच वर येतं. शंकरपाळे कसेही ओतले तरी छान दिसतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

आता रंग. तळणीच्या तपकिरीला उठाव देतो तो निळा किंवा गडद हिरवा. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली निळी सुती साडी किंवा चादर असेल तर तिच्याहून चांगलं काही नाही. खणाचं कापड आणि पैठणीचा पदर मोह पाडतात, दिवाळीचे वाटतात, पण पैठणीची जर चमकते आणि खणाची नक्षी बारीक असते. बघणाऱ्याची नजर चकलीवरून उडून कापडावर जाते. पणती, रांगोळी, झेंडू, आकाशकंदील यांतली एकच वस्तू घ्या आणि तीही चौकटीच्या कडेला. दहा जणींच्या फोटोत झेंडू असतो. काटेरी, मोडलेली, आतून पोकळ चकली तुमच्याच फोटोत असेल.

सगळ्या दिवसांचे फोटो एका घरातले वाटले पाहिजेत. त्यासाठी स्टुलाचे पाय जिथे टेकतात तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून खूण करा. कापड तेच ठेवा, वेळ तीच ठेवा. सकाळी दहाला चकली काढलीत तर करंजीही दहाच्याच सुमारास. दिवाळीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन बरंच आत येतं, तेव्हा तिथे पंचा लागेलच. तळण झाऱ्यातून थेट कापडावर घेऊ नका. आधी कागदावर निथळू द्या, नाहीतर तेलाचा डाग फोटोत पदार्थाच्या आधी दिसतो.

आणि आकार खरा कळू द्या. एखाद्या फोटोत नेहमीची आमटीची वाटी शेजारी ठेवा. डबा उघडल्यावर फोटोत होता तेवढाच लाडू निघाला, की ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा येतं.

उकडीचे मोदक फोटोत करडे का दिसतात? प्रत्यक्षात पांढरेशुभ्र असतात.
— एक वाचक, रत्नागिरी

समोर जे काही असेल ते मध्यम उजेडाचं आहे असं कॅमेरा धरून चालतो. पांढऱ्या ताटलीत पांढरे मोदक ठेवले, की त्याला सगळंच जास्त उजळ वाटतं आणि तो उजेड कमी करतो. मोदकावर बोट टेकवा, पडद्यावर सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवा. हळदीच्या किंवा केळीच्या पानावर उलटं होतं: गडद हिरव्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि मोदकाच्या कळ्या पांढऱ्यात पुसल्या जातात. तेव्हा ते चिन्ह खाली न्या. रंगासाठी पानच चांगलं, आणि तुमच्याकडे हळदीची पानं परसात असतील, इथे बाजारात शोधावी लागतात.

मोदकपात्रातून काढल्या काढल्या मोदक ओलसर आणि चिकट चमकतात. दोन मिनिटं थांबा, पण उघडे सोडू नका, ओलं फडकं टाका. वाऱ्याने उकड सुकते आणि कळ्यांना चिरा पडतात. तूप अगदी शेवटी, एकाच मोदकावर.

वरून ताटाचा फोटो काढते तेव्हा स्टीलमध्ये पंखा, फोन आणि मी, सगळं दिसतं. दुसरं म्हणजे एकदा फोटोत डावी-उजवी बाजू उलटी आली. आजेसासूबाईंनी लगेच दाखवलं!
— एक वाचक, नागपूर

स्टील समोरचं दाखवणारच, म्हणून समोर काय असावं ते आपण ठरवायचं. ताट पंख्याखालून हलवा, अंगात पांढरा किंवा फिका कपडा घाला, आणि फोन बरोबर डोक्यावर न धरता किंचित तिरका धरा. पोर्ट्रेट मोड वापरू नका, त्यात वाट्यांच्या कडा विरघळतात. फोन फार जवळ नेला की कडेच्या वाट्या लांबट होतात. थोडं वर जा आणि २एक्स झूम लावा.

बाजू उलटी आली ती बहुधा पुढच्या कॅमेऱ्यामुळे. पडदा दिसावा म्हणून फोन वर उलटा अडकवून पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला, तर काही फोन तो आरशातल्यासारखा साठवतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. आजेसासूबाईंचं बरोबर आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. हे ठाऊक असलेल्या माणसाला उलटं ताट बघताक्षणी खटकतं.

सणाला नैवेद्याच्या आधी फोटो काढलेला सासूबाईंना चालत नाही. नैवेद्य होऊन सगळे पानावर बसेपर्यंत पुऱ्या बसतात, भाताची मूद सुकते. मार्ग सुचवा.
— एक वाचक, सातारा

सासूबाईंचं ऐका. सणाचा स्वयंपाक आधी देवाचा, फोटोचा नंतर. तयारी मात्र सगळी आधी होऊ शकते. सकाळीच खिडकीपाशी पाट मांडा, त्यावर रिकामं ताट आणि रिकाम्या वाट्या ठेवून फोटो काढून बघा. कुठली वाटी कुठे, फोन किती उंचीवर, सगळं ठरवून टाका. कोथिंबीर आणि ओलं खोबरं वेगळं झाकून ठेवा. नैवेद्य दाखवून झाला की पहिलं ताट तुम्ही त्या पाटावर वाढा: भाज्या, वरण, मग ताजी मूद, तिच्यावर वरण आणि तूप. शेवटी कढईतून नुकती काढलेली पुरी. तळायला एकजण उभी असेल तर तिला सांगून ठेवा. फोटोला दोन-तीन मिनिटं पुरतात आणि ते ताट सासूबाईंच्याच पुढे ठेवता येतं.

लंडनला राहते. हिवाळ्यात कामावरून घरी येते तेव्हा काळोख झालेला असतो. संक्रांतीच्या तिळगुळाच्या वड्यांचे फोटो कधी काढू?
— एक वाचक, लंडन

तुमच्याकडे डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, जानेवारीतही फार फरक नाही. म्हणून वड्या शनिवारी थापा आणि रविवारी अकरा ते दोनच्या दरम्यान फोटो काढा. ढगाळ दिवस असेल तर फारच छान. सगळं आकाशच पंच्याचं काम करतं आणि तीळ न् तीळ सुटा दिसतो.

रोजच्या जेवणाचे फोटो काढायचे असतील, तर तुम्ही मात्र लाइट घ्या. एकच एलईडी पुरतो, पण खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेला बघा, नाहीतर हळदीचा आणि तिखटाचा रंग मेल्यासारखा येतो. तो टेबलाच्या एका बाजूला, पदार्थाच्या किंचित मागे ठेवा आणि मध्ये पांढरं सुती कापड ताणून धरा. लाइट कापडापासून दोन हात लांब असू द्या, म्हणजे सगळं कापड उजळेल. घरातले बाकीचे दिवे तेव्हाही बंदच.