गाड्या नसलेला घाटरस्ता

या महिन्याच्या टपालात वेगवेगळ्या वाचकांनी जवळपास एकच गोष्ट विचारली आहे : डोंगरात सायकल घेऊन जायचं, पण गाड्यांच्या धुरात नाही. कसं जमवायचं? त्यातली काही पत्रं इथे घेते.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको दोघंही पन्नाशीच्या आसपासचे. रोज पहाटे गंगापूर धरणापर्यंत सायकलने जाऊन येतो. सात वाजून गेले की परतताना जीव मुठीत धरावा लागतो. एकदा तरी मागून हॉर्न वाजणार नाही अशा डोंगरी मुलखात आठ-दहा दिवस सायकल चालवायची आहे. हिमाचलमधल्या स्पितीचं नाव खूप ऐकलं. तिथे खरंच गाड्या नसतात का?
– सावरकरनगर, नाशिक

उत्तर : असतात. जूनमध्ये तर भरपूर असतात. तरीही तुम्ही स्पितीलाच जा, असं मी म्हणेन. फक्त रस्ते निवडून जा. रस्ता रिकामा मिळेल की नाही हे मुलखाच्या नावावर ठरत नाही. तो रस्ता शेवटी कुठे पोचतो आणि त्या टोकाला कुणाचं काय काम असतं, यावर ठरतं. नकाशा पुढ्यात घ्या आणि प्रत्येक रस्त्याला हे विचारा.

शिमल्याहून रामपूर, करछममार्गे किन्नौरमध्ये जाणारा रस्ता सतलजच्या काठाकाठाने चढतो. त्याच रस्त्यावर नाथपा झाकरी आणि करछम वांगतू हे मोठे जलविद्युत प्रकल्प आहेत, पुढे तिबेटची सीमा असल्यामुळे लष्कराची वाहतूक आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात किन्नौरच्या सफरचंदांचे ट्रक आहेत. तो टप्पा सायकलने करण्यात काही राम नाही. दिल्लीपर्यंत रेल्वेने जा, तिथून हिमाचल परिवहनच्या बसने शिमल्यामार्गे रेकाँग पिओ गाठा आणि सायकली तिथे खाली उतरवा.

पिओच्या वर कल्पा आहे, साधारण २,९६० मीटरवर. तिथे दोन रात्री काढा. नाशिक जेमतेम सहाशे मीटरवर, त्यामुळे आपल्या पायात कितीही ताकद असली तरी रक्ताला विरळ हवेची सवय नसते. ती सवय इथे आधी सराव करून लावता येत नाही, तिथेच राहून लागते. तीन हजार मीटरच्या वर गेलात की मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढायचंच नाही, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे. डोकं ठणकतंय, मळमळतंय, अन्न नको वाटतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. पन्नाशीत रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला, उंचीवरच्या औषधांबद्दलही तेव्हाच विचारा.

याच कारणासाठी मनालीकडून सुरुवात करू नका. तिकडून गेलात तर कल्पासारखा थांबा न मिळता थोड्याच दिवसांत साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड समोर येते. किन्नौरकडून चढ सावकाश मिळतो : कल्पा, मग सतलजकाठी पूह, मग नाको, मग थोडं खाली ताबो. ताबोचा गोम्पा म्हणजे बौद्ध मठ इसवी सन ९९६चा, मातीच्या भिंतींचा, आणि आजही पूजेत आहे. त्या अंधाऱ्या सभागृहात घाई करू नका. भिंतींवरची चित्रं दिसायला डोळ्यांना वेळ लागतो.

आता रिकाम्या रस्त्यांकडे येते. ताबोहून काझाकडे, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाकडे जाताना अत्तरगूच्या पुलावरून डावीकडे पिन खोऱ्याचा रस्ता फुटतो. तो मुद या गावात संपतो. त्याच्या पुढे पायवाटा : पिन पार्वती आणि भाबा खिंडीकडे जाणाऱ्या. जो रस्ता कुठेच पोचवत नाही, त्यावर ट्रकचं काम नसतं आणि घाईतल्या पर्यटकालाही परत त्याच वाटेने यायचं जिवावर येतं. काझापासून मुद साधारण पन्नास किलोमीटर. सकाळच्या वेळी त्यावर गाडी दिसली तर ती बहुधा गावातल्याच कुणाची असते. शेवटचा टप्पा कच्चा, दगडगोट्यांचा. तिथे मी सायकल हातात धरून चालते, आणि तुम्हीही चाला. दुसरा असाच भाग काझाच्या वरचा : लांगझा, हिक्कीम, कोमिक. मात्र हिक्कीमच्या उंचावरच्या प्रसिद्ध टपालघरामुळे तिथे दुपारी टॅक्सींची रांग लागते. पहाटे निघून दहाच्या आत वर पोचा. कोमिक साडेचार हजार मीटरच्या वर आहे, म्हणून ते शेवटच्या दिवसांसाठी ठेवा.

काळ? गणपती उठले की निघा. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण तिथे पोचण्याचा किन्नौरचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडींनी सारखा बंद पडतो. सप्टेंबरात पाऊस ओसरलेला असतो, बर्फ वितळणं मंदावल्यामुळे रस्त्यावरून वाहणारे नालेही उतरलेले असतात. तरी नाको सोडल्यानंतरचा मलिंग नाला सकाळीच ओलांडा; ऊन चढलं की पाणी आणि दगड दोन्ही वाढतात. दुपारनंतर खोऱ्यात वारा असा सुटतो की सपाटीवरही सायकल ढकलावी लागते. रोजची मजल एकच्या आत संपवा. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, तेव्हा जाड पांघरूण, लोकरीची टोपी आणि हातमोजे ओझं वाटले तरी घ्याच.

दोघांपैकी कुणाला बरं वाटेनासं झालं तर पिओ-काझा बस रोज धावते. तिच्यावर सायकली टाकून उतरणं यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : आम्ही आठ जण स्पितीचीच तयारी करतोय. मागे टेम्पो ट्रॅव्हलर ठेवायचा असं ठरतंय. सामान त्यात, जेवण त्यात, कुणी दमला तर तोही त्यात. बरोबर आहे ना?
– पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : मला ते पटत नाही. मुदच्या रस्त्यावर त्या सकाळी एकही गाडी नसती, ती तुम्ही नेणार. आठ सायकलींच्या मागे पहिल्या गिअरमध्ये घरघरत चढणारं डिझेल इंजिन म्हणजे तुम्ही ज्यापासून पळताय तेच. शिवाय गावातल्या घरी राहून जेवलात तर चार पैसे त्या घरात जातात. डबे भरून नेलेत तर तिथे फक्त तुमचा कचरा राहतो.

कुणाला खरोखरच गाडीची गरज असेल, वयामुळे किंवा आजारामुळे, तर गाडी जरूर असावी. ती सकाळी पुढच्या मुक्कामी जाऊन थांबू दे. आठांचे चार-चार असे दोन गट करा, तासाच्या अंतराने निघा. प्रत्येक गटात एकाला तरी चेन जोडता आणि पंक्चर काढता आलं पाहिजे. ते इथेच, घराच्या अंगणात, निघण्यापूर्वी शिका.

प्रश्न : हिमालय मला परवडणार नाही. कॉलेजात आहे. २१ गिअरची साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहे. नाशिकच्या आसपास असं काही आहे का? आणि माझ्या सायकलने घाट चढेल का?
– पंचवटी, नाशिक

उत्तर : तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. आहे, आणि तू जिथे राहतोस तिथून थेट सायकलवर बसून जाता येईल इतकं जवळ आहे.

आधी सायकल. तुझ्यासारख्या बऱ्याच सायकलींना पुढची सगळ्यात लहान चक्री २४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ दातांची असते. दात मोजून बघ. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारलेस तर ताशी साडेसहा किलोमीटर. सामान लादून घाटात हा वेग पेलत नाही, मग माणूस उभा राहून रेटतो आणि गुडघे धरतात. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच बदलून ३४ दातांचं बसव. तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी सव्वापाचवर येतो आणि बसल्या बसल्या चढता येतं. नवी सायकल घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात झेपवतो का, हे दुकानात बघून घे.

रस्ता निवडताना वर लिहिलेला प्रश्न इथेही विचार. वणी-सापुतारा रस्ता सुंदर, पण त्याच्या टोकाला थंड हवेचं ठिकाण आहे, म्हणून शनिवार-रविवारी तो गाड्यांचा. भंडारदऱ्याचंही तसंच. मे अखेरीस काजवे बघायला आणि पावसाळ्यात धबधबे बघायला लोटणाऱ्या गर्दीत तिथे सायकल नेऊ नकोस. पण मधल्या वारी रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता तुझ्या एकट्याचा असतो. त्र्यंबक रस्ता सिंहस्थाच्या कामांमुळे आणि गर्दीमुळे सध्या विसर. त्याऐवजी गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल असा जा.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र कळवण-सुरगाण्याचा. कळवणहून अभोणा, तिथून कनाशी आणि पुढे डोंगरात. किंवा सुरगाण्याहून उंबरठाण, बाऱ्ह्याच्या बाजूला. चढ लहान पण एकामागून एक, सरळ सपाटी अशी मिळतच नाही. दसऱ्याच्या सुमारास गेलास तर उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली असते, नागली आणि वरई कापणीला आलेली असते. मार्गशीर्षात गेलास तर रात्री पाड्यांवर पावरी या वाद्याचा आवाज ऐकू येईल. तो डोंगऱ्यादेवाचा उत्सव, कोकणा आणि इतर आदिवासी बांधवांचं कडक व्रत. बाजूला उभं राहून ऐकावं, विचारल्याशिवाय मोबाइल काढू नये.

वणीच्या बाजूने जाणार असशील तर चैत्रातली यात्रा आणि नवरात्र टाळ. खानदेशातून पायी आलेल्या भाविकांनी तो रस्ता भरलेला असतो, आणि त्या दिवसांत रस्ता त्यांचा आहे.

दोन ट्यूब जवळ ठेव. सुरगाण्याच्या दुकानात साध्या सायकलीची ट्यूब मिळते, तुझ्या चाकाची मिळेलच असं नाही. खायला गूळ-शेंगदाणे, नागलीचे लाडू. पाणी प्रत्येक पाड्यावर विचारून घे, पण मार्चनंतर तिथल्या बायका हंडा घेऊन किती लांब जातात ते पाहशील, तेव्हा त्या दिवसांत बाटल्या मोठ्या गावातच भरून निघ.

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. मैत्रिणीबरोबर सुरगाणा भागात चार दिवस सायकलने जायचं म्हणते. जाऊ देऊ का? रात्री झोप लागत नाही मला.
– देवळाली कॅम्प

उत्तर : जाऊ द्या. तुमची काळजी मला समजते, मीही मुलीची आई आहे. माझा अनुभव असा की त्या रस्त्यांवर भीती माणसांची नसते. भीती असते ती तिन्हीसांजेची, वळणावर भरधाव येणाऱ्या एखाद्या जीपची आणि रेंज नसलेल्या फोनची. म्हणून मुलींकडून एवढं कबूल करून घ्या : चारच्या आत मुक्कामाचं गाव गाठायचं, पोचल्यावर आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटून नाव-गाव सांगायचं, आणि झोपायची जागा त्यांनाच विचारायची. आश्रमशाळेतल्या शिक्षिकांनाही विचारता येतं. पोलीस पाटलांना माहीत असलेली पाहुणी ही साऱ्या गावाची पाहुणी होते.

रोजच्या मुक्कामाचं गाव कागदावर लिहून घरी ठेवायला सांगा. फोन लागला नाही तर किती वाजेपर्यंत वाट पाहायची, तेही आधीच ठरवा. नाहीतर तुम्ही संध्याकाळी सहालाच घाबराल.

प्रश्न : उतारावर सायकलचे ब्रेक तापून वास येतो. काय करावं?
– सातपूर

उत्तर : ब्रेक सतत दाबून धरता म्हणून. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा आणि मग पूर्ण सोडा, म्हणजे ते निवतात. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट साधारण दहा किलोमीटरचा आहे. मधल्या वारी पहाटे तिथे सराव करा. रिमचे ब्रेक असतील तर मध्ये थांबून रिमला हात जवळ नेऊन पाहा. धग लागत असेल तर दहा मिनिटं थांबा. सामान लादलेल्या सायकलला रबरी ब्रेक-शू फार लवकर झिजतात, म्हणून मोठ्या सफरीवर निघण्याआधी नवी जोडी बसवा आणि एक जोडी पिशवीत ठेवा.