चालत आलेल्या पाहुण्याला पाणी, भाकरी आणि अकराशे रुपये

नांदेड–लातूर रस्त्यालगत, चाकूरच्या अलीकडं आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर आहे. एप्रिलमध्ये भर दुपारी एक माणूस पाणी मागायला आला. पाठीवर फलक होता : 'किडनीच्या आजारी मुलांसाठी नांदेड ते सोलापूर पायी'. मी जेवू घातलं, पायाला आलेला फोड ब्लेडनं कापून दिला, साठवलेल्यातले अकराशे रुपये दिले. पावती मागितली नाही. रात्री तो ओट्यावर झोपला. मालक, म्हणजे माझे घरधनी, बाहेरगावी होते. त्यांना कळल्यापासून ते नीट बोलत नाहीत, 'फसलीस' म्हणतात. माझं चुकलं का?
– एक ताई, लातूर जिल्हा

ताई,

जेवू घातलंत त्यात काहीही चुकलं नाही. कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेल्यांना आपल्याकडं कोण आधी नाव-गाव विचारतं? तहानलेल्याची चौकशी करायची नसते. पैशाची मात्र करायची असते, आणि मुक्कामाची त्याहून जास्त.

तुमचे मालक पैशाचं बोलत असले तरी मला त्यांचा राग त्या रात्रीचा वाटतो. बाई आखाड्यावर एकटी, ओट्यावर अनोळखी माणूस. ही भीती खोटी नाही. त्यांना सरळ सांगा, "मुक्कामाचं माझं चुकलं, जेवणाचं नाही." पुन्हा कुणी आलं तर त्याला मारुतीच्या देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात उतरवा, पोलीस पाटलांना फोनवर कळवा आणि डबा तिथं पाठवा. खरा चालणारा याला नाही म्हणत नाही, त्याला देवळाच्या फरशीची सवय असते.

माणूस खरंच चालत आलाय का, हे जेवता जेवता कळतं. "काल मुक्काम कुठं होता? कुणाकडं उतरलात?" एवढंच विचारा. पाठीवर ओझं घेऊन उन्हाळ्यात दिवसाला २०-२५ किलोमीटर होतात, तेही पहाटे निघून दहा-साडेदहाला थांबलं तर. म्हणजे तुमच्याकडं पोचलेल्याचा कालचा मुक्काम शिरूर ताजबंद-अहमदपूरच्या आसपास निघायला हवा. तिथल्या माणसाचा नंबर मागा आणि लावून बघा. चपला-बुटांकडंही नजर टाका, टाच एका बाजूनं झिजलेली असते.

पण चालणं खरं निघालं म्हणून पैसे योग्य जागी जातात असं नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि भली माणसं तिथंच फसतात. संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. तो जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारता येतो. पावतीवर क्रमांक, तारीख, रक्कम आणि सही हवी. मोबाइलवर स्कॅन केलं की पैसे जाण्याआधी खात्याचं नाव दिसतं. तिथं संस्थेऐवजी माणसाचं नाव आलं तर हात आवरा. संस्थाच नसेल, एखाद्याच पोरासाठी तो फिरत असेल, तर दवाखाना कोणता ते विचारा. सरकारी मोठ्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, ते रुग्ण खरा की नाही ते सांगू शकतात. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर भाकरी बांधून द्या, पैसे देऊ नका.

फोडाबद्दल मात्र मन लावून वाचा. फोडावरची कातडी कापायची नसते. खालचं मांस कोवळं असतं, वरची कातडी हीच त्याची पट्टी. कापली की माती, घाम आत जातो आणि पू होतो. फोड लहान असेल तर हात लावू नका. मोठा, ठणकणारा असेल तर साबणानं धुऊन, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला एक-दोन बारीक भोकं पाडा. पाणी हलकेच दाबून काढा, कातडी तशीच बसू द्या, मलम लावून पट्टी बांधा. साखरेचा आजार असेल तर तेही करू नका, डॉक्टरकडं पाठवा. फोड येतो घासण्यानं आणि ओलाव्यानं, म्हणून जाताना सुक्या मोज्यांचा एक जोड दिलात तर तो पैशापेक्षा कामाला येतो.

पाण्याचंही तसंच. तासन् तास घाम गाळून आलेल्याला नुसतं पाणीच पाणी पाजलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, गरगरतं, मळमळतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्याच चमच्यानं मोजून, आणि घोट घोट द्यायचं. मीठ घातलेलं ताकही चालतं. बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत आडवं करा, मान, काखा, जांघा ओल्या फडक्यानं गार करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता तुमचे अकराशे. फसलात की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, मालकांनाही नाही. त्याच्या फलकावर किंवा पत्रकावर नंबर असेल, तुम्ही टिपला असेल, तर मालकांना शेजारी बसवून फोन लावा. आधी पाय कसा आहे विचारा, कातडी कापली ते सांगा, लाल झालं असेल किंवा पू असेल तर दवाखान्यात जायला सांगा. मग पावती मागा. फोन संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा चालणारी माणसं बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवतात, तेव्हा दुपारी नाही लागला म्हणून लगेच वाईट धरू नका.