कुत्र्याचं पोट बिघडलंय हे उलटी होण्याआधी कसं ओळखायचं?

तुमचा कुत्रा गवत खातोय, सारखे ओठ चाटतोय, पण उलटी-जुलाब काही नाही. नुसत्या गवतावरून मी तरी काही ठरवत नाही. धडधाकट कुत्रीही गवत खातात आणि बहुतेकांना त्यानंतर उलटी होत नाही. ओठ चाटण्याकडे मात्र लक्ष द्या. समोर खाणं नसताना जीभ फिरवत राहणं, लाळ गळणं, तोंडात काही नसताना गिळत राहणं, ही बहुधा मळमळ असते.

आमची कुत्री पोट दुखायला लागलं की एका जागी टिकत नाही. बसते, उठते, दुसऱ्या कोपऱ्यात जाते, मान वळवून पोटाकडे बघते. मग पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवते, मागचा भाग वरच. खेळायला बोलावतानाही कुत्री अशीच वाकतात, म्हणून लोक फसतात. पण खेळणारा कुत्रा पुढच्या क्षणी उडी मारतो. दुखत असेल तर तो तसाच ताणून राहतो आणि पोटाला हात लावला की अंग आक्रसून घेतो.

उलटी झालीच तर ती कशी झाली ते बघा, जमलं तर व्हिडिओ काढा. उमासे येऊन, पोट आत-बाहेर होऊन पडली तर ती खरी उलटी. मान खाली घालताच न पचलेलं अन्न सहज बाहेर आलं तर दोष अन्ननलिकेत असू शकतो, आणि डॉक्टर हे विचारतातच. शी डांबरासारखी काळी, चिकट असेल तर पोटात वरच्या भागात रक्तस्राव होत असू शकतो. वारंवार कुंथून थोडीशी चिकट शी होत असेल तर लोक बद्धकोष्ठ समजतात. बरेचदा ती मोठ्या आतड्याची सूज निघते.

पोट फुगून टणक झालं, ओकाऱ्या येतायत पण पडत काहीच नाही, तर रात्र असली तरी निघा. जठराला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत हा धोका जास्त, आणि त्यात काही तासांत जीव जातो. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागले तर पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची) शंका धरून तितक्याच घाईने न्या.

माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका.

तुमचा कुत्रा नेहमीसारखा खातपीत असेल, हिरड्या ओल्या आणि गुलाबी असतील तर आजचा दिवस नजर ठेवा. जेवण सोडलं की दवाखाना.