हक्काचं जंगल, हिशेबाची वही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या गावांतून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या, व्यवहाराबद्दल सर्वांत जास्त पत्रं आली, म्हणून त्याचं उत्तरही सर्वांत लांबलं आहे.

आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र मिळालं आहे. तरी बांबू बाहेर काढायला वनखात्याचीच पास लागेल आणि व्यवस्थापन आराखडा त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावा लागेल, असं सांगितलं जातं. हे खरं आहे का?
*एक वाचक, कुरखेडा तालुका*

नाही. वनहक्क कायदा २००६चा आणि त्याखालचे नियम २००८चे. त्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाचा (इमारती लाकूड सोडून जंगलातल्या वनस्पतींपासून मिळणाऱ्या मालाचा) वाहतूक परवाना, म्हणजेच पास, देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीकडे आलं. ही समिती म्हणजे नियम ४(१)(ई)खालची, जंगल राखण्यासाठी ग्रामसभेने नेमलेली. हक्काचे दावे तपासणारी वनहक्क समिती वेगळी. बऱ्याच गावांत दोन्ही एकच समजतात आणि मग कागदपत्रांत घोटाळा होतो. बांबू आणि तेंदू हे दोन्ही कायद्याच्या व्याख्येनेच गौण वनोपज आहेत, त्यामुळे त्यांच्यावर शासनाची रॉयल्टी लागत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २०११च्या एप्रिलमध्ये परवाना पुस्तक मिळालं, तेव्हापासून हा मुद्दा निकालात निघालेला आहे.

आराखडा समिती तयार करते आणि ग्रामसभा मंजूर करते. वनखात्याच्या कार्य आयोजनेशी (त्यांच्या जंगलकामाच्या आराखड्याशी) त्याचा मेळ घालायचा असतो, मात्र त्यात काय बदल हवेत हे समितीच ठरवते.

पास-बुकाबाबत एक दक्षता घ्या. प्रत्येक पासवर अनुक्रमांक, ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक व तारीख, कक्ष (जंगलाचा नोंदलेला भाग) क्रमांक, मालाचा प्रकार आणि नग, गाडी क्रमांक, निघण्याची वेळ, पोहोचण्याचं ठिकाण आणि मुदत लिहा. तीन प्रती काढा : एक गाडीसोबत, एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला माहितीसाठी, एक बुकात. कोऱ्या पासवर सही करून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती ताबडतोब बंद करा. गाडी अडवली गेली की वाद हक्कावरून होत नाही, नगांची संख्या जुळत नाही यावरून होतो.

गेल्या हंगामात ठेकेदाराने तेंदूची मजुरी दिली, पण रॉयल्टीची (शासनाची नव्हे, पानाच्या किमतीपोटी ग्रामसभेला द्यायची) उरलेली रक्कम दिली नाही. माल केव्हाच निघून गेला. यंदा करारात काय लिहावं?
*ग्रामसभा सचिव, धानोरा तालुका*

गेलेल्या रकमेसाठी ठराव करून वकिलामार्फत नोटीस द्या. मूळ करार, फळीचं (पानं मोजून घेण्याच्या आणि वाळवण्याच्या जागेचं) रजिस्टर आणि पासच्या प्रती हेच तुमचे पुरावे. यापैकी रजिस्टर बहुतेकदा मुनशीकडेच (ठेकेदाराच्या कारकुनाकडेच) राहिलेलं असतं. खरी चूक तिथे झालेली असते.

यंदाचं काम डिसेंबरपासून धरा. तेव्हाच साधारण किती गोणी निघतील याचा अंदाज मागच्या दोन-तीन हंगामांवरून बांधा. जानेवारीत ठराव, मग जाहिरात, आणि बेटकटाई (नवी पालवी येण्यासाठी तेंदूच्या झुडपांची छाटणी) सुरू होण्याआधी करार. मार्च उजाडल्यावर बोली लावायला बसलात, तर घाई तुमची असते, ठेकेदाराची नसते, आणि भाव त्यानुसार पडतो. एकट्या लहान गावाला चांगला ठेकेदार मिळत नसेल तर शेजारच्या ग्रामसभांसोबत एकत्र निविदा काढा. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा (अनेक ग्रामसभांचा संघ) बांधून अशा कामांत एकमेकांना आधार दिला आहे.

करारात या गोष्टी हव्यातच. करार होतानाच अनामत ग्रामसभेच्या खात्यात. मजुरी दर आठवड्याला, तोडणाऱ्याच्या बँक खात्यात. रॉयल्टीचे हप्ते तारखांसह. आणि सर्वांत महत्त्वाचं : जेवढ्या मालाचे पूर्ण पैसे जमा झाले तेवढ्याच बोदांचा (वाळलेली पानं भरलेल्या पोत्यांचा) वाहतूक परवाना निघेल. पास तुमच्या हातात आहे, ठेकेदारावर दुसरा कुठलाही दाब याच्याइतका चालत नाही. शेवटची गाडी ‘नंतर देतो’ या शब्दावर सोडली जाते आणि थकबाकी तिथेच तयार होते.

मोजणीचं कलम स्पष्ट लिहा. आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. फळीवर मुनशी शेकड्यामागे चार-पाच पुडे ‘सूट’ म्हणून जास्त मागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०० गोणींचा गाव असेल आणि पाच पुडे सूट दिली, तर पाच गोणी, म्हणजे पाच हजार पुडे फुकट गेले, त्यावरची मजुरीही गेली आणि रॉयल्टीही. सूट शून्य, असं लिहा. फळीवर ग्रामसभेचा एक मोजणीदार बसवा, शक्य तर तोडणाऱ्या बायांपैकीच एक, आणि रजिस्टरच्या दोन प्रतींवर रोज संध्याकाळी दोघांच्या सह्या घ्या.

दुसरं भांडण पावसाचं. पुडे फळीवर रांगेत पसरतात, काही दिवसांनी उलथतात, पूर्ण वाळले की पाणी शिंपडून पान मऊ करून बोद भरतात. वाळताना वळवाचा पाऊस पडला की पानावर डाग येतात आणि ठेकेदार ‘माल खराब’ म्हणून पैसे कापतो. ओलसर माल घाईने बोदात भरला तर आत बुरशी धरते, त्याचाही ठपका गावावर येतो. फळीवर मोजून घेतलेला माल ठेकेदाराचा, त्यानंतरची वाळवणी, उलथणी, बोदभराई आणि नुकसान त्याच्याकडे, हे एक वाक्य करारात असलं की हा वाद उरत नाही.

ग्रामसभेच्या नावाने पॅन आणि बँक खातं ठेवा, खात्यावर दोन किंवा तीन सह्या असू द्या, त्यातली एक महिलेची. जीएसटी आणि स्रोतावरच्या कराबाबत सनदी लेखापालाला आधीच विचारा. हंगाम संपल्यावर विचारून उपयोग नसतो.

तेंदू आणि मोहासाठी जंगलात आग लावतात. लोक म्हणतात, आगीशिवाय पान फुटत नाही. थांबवावं कसं?
*एक वाचक, सिंदेवाही तालुका*

आगीनंतर तेंदूला पालवी फुटते हे खरं. पण बेटकटाईनेही फुटते, आणि जास्त एकसारखी. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगतची झुडपं कोयत्याने छाटली की सुमारे दीड महिन्यात तोडणीजोगं पान तयार होतं. ठेकेदार बेटकटाईचा खर्च वाचवतो, आणि आग मात्र फुकट लागते. म्हणून बेटकटाईची मजुरी करारात वेगळी दाखवा आणि ती ग्रामसभेमार्फत वाटा. आग लागलेल्या कक्षातली तोडणी त्या वर्षी बंद, असाही ठराव काही गावं करतात. तो चालतो, कारण नुकसान सगळ्यांचं होत असल्याने लक्षही सगळे ठेवतात. झाडाच्या फांद्या तोडून पानं काढायला मात्र पूर्ण बंदी हवी.

मोहाखालची आग लावणारा बाहेरचा नसतो. फूल पहाटे गळतं, पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून झाडाखाली काडी लावली जाते आणि ती विझवायला कोणी थांबत नाही. त्यात मोहाची स्वतःची रोपं जळतात. गावात जुने मोह भरपूर आणि कंबरेएवढं एकही रोप नाही, अशी स्थिती त्यामुळेच येते. फुलं सुरू होण्याआधी पाचोळा झाडून दूर खड्ड्यात टाकणं आणि खाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरणं हा सोपा उपाय आहे. फूल स्वच्छ मिळतं, मातीचं वजन नसतं, भावही बरा येतो. टोळी (मोहाचं फळ-बी) गोळा करताना प्रत्येक झाडाखाली थोडी राहू द्या.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्याआधी जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ झाल्या पाहिजेत. हद्दीवर सहा मीटर, आतल्या पायवाटांवर तीन मीटर पुरतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. आग आणि फांद्यांची तोड थांबली, तेंदूची फळं राहिली. पण हा मार्ग प्रत्येक गावाला सुचवता येणार नाही. बांबूचं भरपूर जंगल नसेल तर मे महिन्यातली मजुरी कुठून आणणार, हे आधी ठरवायला हवं.

बांबू किती कापावा? व्यापारी पूर्ण बेट मागतो.
*वनव्यवस्थापन समिती, एटापल्ली तालुका*

पूर्ण बेट कधीच नाही. जंगलाचे तीन भाग करा आणि दर वर्षी एकच भाग कापा. बेटात या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे बांबू ठेवायचे. नव्या बांबूवर कोष आणि पांढरी भुकटी असते, दुसऱ्या वर्षी कोष गळतात पण रंग हिरवाच, तिसऱ्या वर्षी पिवळट झाक येते. कापायचे ते हे. तरीही काही जुने आधाराला सोडा. आठपेक्षा कमी बांबूंच्या बेटाला हात लावू नका.

काप जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरवर, पेराच्या लगेच वर घ्या. दोन पेरांच्या मधे कापलं तर खुंटाच्या वाटीत पाणी साचतं आणि कूज मुळात उतरते. मजूर बाहेरचे बांबू कापतात, कारण ते सोपं पडतं. मग मध्य गच्च होतो आणि नवे बांबू वाकडे येतात. नवी वाढ ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूने वाट पाडून मधले जुने काढा. मजुरी नगावर देत असाल तर हे होणार नाही, बेटसफाईचा दर वेगळा ठेवावा लागेल.

जुलै ते सप्टेंबर तोड बंद. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) खाण्यासाठी किती काढायचे यालाही मर्यादा हवी. बेटाला फुलोरा आला तर बी गळेपर्यंत थांबा, मग वाळलेला बांबू काढा आणि त्या भागात तीन-चार वर्षं चराई आणि आग येऊ देऊ नका.

गावातलेच काही जण नवीन शेतीसाठी झाडं तोडत आहेत. ग्रामसभा अडवू शकते का? बैठकीला माणसंही जमत नाहीत.
*एक वाचक, देवरी तालुका*

अडवू शकते. कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं आणि जबाबदारीही टाकतं. वैयक्तिक हक्क १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या ताब्यालाच मिळतो, तोही कमाल चार हेक्टर. त्यानंतरची तोड दावा म्हणून मांडताच येत नाही. ठराव करा, पंचनामा करा, प्रत वनखात्याला द्या. ज्याला खरोखर जमीन नाही त्याला सामूहिक कामांत आधी मजुरी द्यायची का, हा विषय त्याच बैठकीत घ्या. नुसता दंड ठोकला तर तो माणूस ग्रामसभेला येणं सोडतो आणि तोड रात्री होते.

गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. धान कापणीच्या किंवा मोहाच्या दिवसांत सकाळी बैठक ठेवली तर बाया येणार नाहीत. संध्याकाळी, टोल्यातच (वस्तीतच) घ्या. विषयपत्रिकेत पहिला विषय जमा-खर्चाचं वाचन ठेवा. पैशाचा हिशेब वाचला जाणार हे कळलं की माणसं जमतात.